अव्वा फोटोला बसली

नळदुर्गात लोक आमच्या घराला ‘नऊ गावांचं घर’ म्हणायचे. पुढं आप्पांचं कापडाचं दुकान, मागं अंगण आणि माळवदाच्या चार खोल्या. आप्पांना आणि अव्वाला स्वतःचं मूल झालं नाही. मग कुणी पटकीच्या साथीत पोरकं झालेलं, कुणी लांबच्या नात्यातलं, कुणी आणखी कसं, असं एकेक करत त्यांनी नऊ पोरं वाढवली. मी त्यांतली चौथी. कोण कुठून आलं हे घरात कुणी कुणाला विचारायचं नाही, असा आप्पांचा दंडक होता. सकाळी सगळ्यांच्या कपाळाला सारखी विभूती लागायची, सगळ्यांना सारखी भाकरी मिळायची आणि पुढचं काही कुणी काढायचं नाही.

मला मात्र विचारायची खोड होती. विहिरीला पाणी कुठून येतं, मोटारीच्या चाकात वारा कोण भरतं, अव्वा रागावली की कानडीतच का बोलते. आप्पा म्हणायचे, “हिच्या तोंडाला कुलूप घालाय पायजे.”

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. सोलापूर-हैदराबाद सडकेच्या कामावर मद्रासकडचे एक ओव्हरसियर होते. आमच्या शेजारी एकटेच राहायचे. ते हिवतापानं पडले तेव्हा अव्वानं महिनाभर त्यांना कण्या आणि ताक पाठवलं. ते पोचवायचं काम माझं होतं. त्यांच्या फळीवर एक काळा चौकोनी डबा असायचा. त्याच्या पुढच्या बाजूला गोल काच होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “ये क्या है?” आणि पुढं रोज त्याच डब्याबद्दल काही ना काही विचारत राहिले. ओव्हरसियर बरे झाले आणि त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्यांनी तो कॅमेरा आणि दोन रिळं माझ्या हातात दिली. म्हणाले, “तुम बहुत सवाल पूछती. अब इस को पूछो.”

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरच्या बोटभर काचेत वाकून बघायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा, श्वास धरायचा आणि खटका दाबायचा. एका रिळात आठ फोटो. त्या बोटभर काचेत डावीकडचं उजवीकडं दिसायचं. अंगणातून अव्वा डावीकडं गेली की काचेतली अव्वा उजवीकडं जायची. मी कित्येक दिवस फोटो न काढता नुसती बघतच होते.

आप्पांनी हुकूम सोडला, की सगळ्यांनी अंघोळी करून, टोप्या घालून एका ओळीत उभं राहायचं आणि सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो काढायचा. तो मी काढला. पण माझं मन त्यात नव्हतं. ओळीत उभी राहिली की माझी भावंडं कुणीतरी भलतीच वाटायची. ती खरी कशी दिसतात हे मला बघायचं होतं. म्हणून उरलेले सात फोटो मी गुपचूप काढले. विहिरीवर अंघोळ करताना डोळ्यांत साबण गेलेले दोन भाऊ. भाकरी थापताना तोंडावरचा केस मनगटानं मागं सारणारी थोरली अक्का. माळवदावर ज्वारी वाळत घालताना वाकलेली पाच जणं. सगळ्यांच्या अंगात एकाच पट्ट्यापट्ट्यांचं कापड. लढाईमुळं कापड मिळत नव्हतं, तेव्हा आप्पांनी एकाच ताग्यातून सदरे, झंपर आणि उशीचे अभ्रेसुद्धा शिवून घेतले होते.

आप्पा माल आणायला सोलापूरला जायचे. तिथल्या एका स्टुडिओत त्यांनी रीळ धुवायला दिलं आणि पुढच्या खेपेला पाकीट घेऊन आले. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. आप्पांनी आधी ओळीतला फोटो पाकिटातून बाहेर काढला. त्यात सगळी पोरं होती, फक्त अक्काला गळ्याच्या वर काही नव्हतं. मग बाकीचे फोटो एकेक बघत ते म्हणाले, “ह्यो कोण? पाठमोरा. ह्याचं तर नुसतं ढुंगणच दिसतंय. ही काय फोटो काढायची रीत झाली? एक रीळ वाया घालवलं पोरीनं.”

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात आप्पांनी पाकिटातून एक नवं रीळ काढून माझ्यापुढं धरलं.

“स्टुडिओवाल्यानं दिलंय. त्याला एक फोटो लई आवडला. मोठा करून शोकेसात लावू का म्हणला. म्या व्हय म्हणलो. त्याला काय दिसलं त्यात, देव जाणे.”

तो फोटो वेणीफणीचा होता. शनिवारी दुपारी आम्ही बहिणी अंगणात एकीमागं एक बसायचो आणि मागचीनं पुढचीचे केस विंचरायचे. पाच बहिणी होतो, मी कॅमेऱ्याशी, म्हणून फोटोत चौघी. सगळ्यांत पुढं धाकटी, सात-आठ वर्षांची. तिच्यापुढं विंचरायला कुणी नाही म्हणून ती मक्याच्या कणसाची शेंडी विंचरत होती, आणि खटक्याच्या क्षणी तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं होतं. तिचे केस मोकळे होते. कपाळावर मधोमध तिची बट फोटोत चुन्यासारखी पांढरी उमटली होती.

ती बट धाकटीला जन्मापासूनची. दोन बोटं रुंद, बाकी केस काळेभोर. बाजारात बायका थांबून विचारायच्या, म्हणून अव्वा त्यावर नेहमी रिबीन बांधायची. वेणीफणीच्या वेळेलाच काय ती दिसायची.

दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी दुकानात एक पोरगेला माणूस आला. अंगात गिरणीतला मळका सदरा, डोक्याला घट्ट टोपी. मी दुकानाच्या आतल्या दारात बसले होते. आप्पांनी सवयीनं धोतराचं पान उलगडलं. तो त्याकडं बघेचना.

“कापड नगं मला,” तो म्हणाला. “तुमच्याकडं एक पोरगी हाय का? फोटोतली. स्टुडिओवाल्यानं तुमचं दुकान सांगितलं.”

आप्पांचा गज हातात तसाच राहिला. “कोणती पोरगी?”

त्या माणसानं टोपी काढली. त्याच्या कपाळावर मधोमध दोन बोटं पांढरी बट होती.

मी उठून उभी राहिले. आप्पांनी गज खाली ठेवला, त्याला गादीवर बसवलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या आणला, पण परत आत गेले नाही. आप्पाही मला जा म्हणाले नाहीत.

त्यानं जे सांगितलं ते असं. त्याचे वडील आधीच गेले होते. बारा वर्षांचा असताना तो मामाबरोबर सोलापूरला गिरणीत लागला. आई लहान बहिणीला घेऊन गावाकडं होती. एका वर्षी ती येरमाळ्याच्या देवीला गेली. परतीच्या वाटेवर बैलगाड्यांच्या तळावर पटकी लागली. लोक गाड्या जुंपून वाट फुटेल तिकडं पळाले. गावात परत आलेल्यांनी सांगितलं, मायलेकी दोघी गेल्या.

“गेल्या रविवारी मी शोकेसापुढं उभा ऱ्हायलो,” तो म्हणाला, “आन् मला वाटलं, आई ल्हान होऊन बसलीय. आईलाबी व्हती ही बट.”

आप्पा म्हणाले, “आमी त्याच तळावर कापडाची गाडी घेऊन व्हतो. बाभळीखाली बाई पडलेली, तिच्या पदराला धरून ही बसलेली, दीड-दोन वर्साची. तीन दिस आमी तिथंच ऱ्हायलो. पाटलाला सांगितलं, दोन-चार गावांत दवंडी दिली. कुणी आलं न्हाई.”

धाकटी तोवर चिंचोके खेळून आली होती. आप्पांनी तिला हाक मारली. ती त्या माणसाच्या पुढं उभी राहिली, त्याच्या डोक्याकडं बघितलं, मग हात लांब करून ती बट दोन बोटांत धरली. म्हणाली, “तुमचंबी पिकलं?”

तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. धाकटी घाबरली नाही. ती आत पळाली आणि कुठल्याही पाहुण्याला आणावा तसा गुळाचा खडा घेऊन आली.

अव्वाला कळलं तेव्हा ती चुलीपुढं बसली आणि भाकऱ्या करत सुटली. आम्ही सगळे जेवून उठलो तरी तिच्या भाकऱ्या संपेनात. अक्कानं शेवटी परात ओढून घेतली. संध्याकाळी आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “बहीण हाय त्याची. न्हेतो म्हणला तर आपल्याला न्हाई म्हणता येणार न्हाई.” अव्वानं त्या पोराला विचारलं, “ऱ्हातोस कुठं?” तो म्हणाला, गिरणीजवळ एक खोली आहे, पाच गडी मिळून. अव्वा म्हणाली, “चार दिस हितंच ऱ्हा. तिला तुजी सवय होऊ दे. मग बघू.”

तो राहिला. आमच्याबरोबर जेवला, विहिरीवर भावांबरोबर अंघोळीला गेला, धाकटीला खांद्यावर बसवून बोरी नदीच्या कडेनं हिंडवून आणलं. मी दोघांना काचेत धरून फोटो काढला. चौथ्या दिवशी सकाळी तो अव्वापुढं येऊन उभा राहिला. “अव्वा, हिला न्हेऊन मी कुठं ठिवू? हिला हितंच ऱ्हाऊ द्या. मला तेवढं अधनंमधनं येत जाऊ द्या.”

“येत जाऊ द्या म्हंजे?” अव्वा एकदम तडकली. “घर हाय तुजं. इचारतो कसा?” आणि तिनं आप्पांना सांगून त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या ताग्यातून त्याच्यासाठी सदऱ्याचं कापड फाडायला लावलं. तेव्हापासून तो आमचा सोलापूरचा दादा झाला. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारला जोडून यायचा.

घरात आनंदच होता. माझं मात्र काहीतरी बिनसलं. माझा फोटो पाहून कुणी येईल का, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं की इतक्या फोटोंत मी कुठंच नाही. काढणारी मीच, तर असणार कशी? आणि असते तरी कुणी कशावरून ओळखलं असतं? मी आरसा घेऊन माळवदावर बसायचे आणि स्वतःच्या अंगावरच्या खुणा शोधायचे. कोपरावर एक डाग सापडला. तो तर तव्याचा चटका होता. कानाची पाळी जरा चिकटलेली होती. मग मी बाजारात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानाची पाळी बघायला लागले. नळदुर्गात चिकटलेल्या पाळीच्या बायका पुष्कळ आहेत, एवढंच मला कळलं.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. शेवटी मी धाकटीला कॅमेरा धरायला शिकवलं आणि तिच्याकडून माझा फोटो काढून घेतला. रीळ धुऊन आलं तेव्हा त्यातला तो फोटो मी लपवून ठेवला, आणि दादा पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याच्या हातात दिला. “स्टुडिओवाल्याला म्हण, हा शोकेसात लाव. घरात कुणाला सांगू नको.”

दादानं फोटो घेतला, खिशात घातला आणि सरळ चुलीपाशी जाऊन अव्वाला दिला. मला म्हणाला, “मला खोटं बोलाय येत न्हाई बाई. आन् हिच्यासंगं तर न्हाईच.”

अव्वा तुरीची डाळ निवडत होती. मी जमिनीकडं बघत उभी. तिनं फोटो सुपाच्या कडेला ठेवला आणि वाकून बघितला.

“हे टांगायचंय व्हय?”

मी मान हलवली.

“अर्धं त्वांड सावलीत. केस पिंजारल्याले. कोण वळखंल असल्या फोटोवरनं?” तिनं सूप बाजूला सारलं. “बस हितं.”

मी बसले. मार बसेल असं मला वाटत होतं. अव्वा म्हणाली, “तू लई दिस इचारायचं म्हणतीस आन् इचारत न्हाईस. मला दिसत नव्हतं व्हय?” आणि मग तिनं मला सांगितलं.

ती अक्कलकोटला माहेरी निघाली होती. मोटारअड्ड्यावर सोलापूरच्या मोटारीची वाट बघत उभी होती. धाराशिवाकडच्या बोलीची एक बाई तिच्या शेजारी येऊन थांबली. तरुण, अंगानं बारीक, काखेला सहा-सात महिन्यांचं मूल. ते मूल मी. ती बाई म्हणाली, “अवं, जरा धरता का हिला? पाणी पिऊन येते.” अव्वानं मला घेतलं. बाई रांजणाकडं गेली. तेवढ्यात हैदराबादकडं जाणारी मोटार आली, धुरळा उडाला, माणसं चढली, मोटार निघून गेली. रांजणापाशी कुणी नव्हतं.

“मी दिवस मावळंतवर उभी व्हते,” अव्वा म्हणाली. “माझी मोटार गेली. मी म्हाहेराला गेलेच न्हाई. पुढं आठ दिस रोज त्याच टायमाला तुला घेऊन अड्ड्यावर जाऊन उभी ऱ्हायचे. ती मोटारीत चढली का न्हाई, ते म्या बघितलं न्हाई. चुकून गेली का मुद्दाम गेली, का तिला कुणी न्हेलं, मला आजून कळलं न्हाई.”

मी विचारलं, “तुला काय वाटतं?”

“काय वाटायचं? कधी असं वाटतं, कधी तसं.” तिनं फोटो परत हातात घेतला. “मलाबी बघायचंय तिला. एकदा. एवढंच इचारायचंय, की बाई, पाणी प्याली का?”

ती माझ्याइतकीच इतकी वर्षं विचारात पडलेली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या हाताला डाळीची पूड लागलेली होती, तोच हात तिनं माझ्या केसांवरून फिरवला.

आठवड्यानं अव्वा आणि मी सोलापूरला निघालो. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. तिथं सगळ्यांची गाठोडी सोडून बघायचे. शिपायानं अव्वाला विचारलं, “कहाँ जा रहे?”

“फोटो काढाय,” अव्वा म्हणाली.

“किसलिए?”

“हिच्या आईला हुडकायचंय.”

शिपायानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “तो आप कौन?”

“मी?” अव्वाला प्रश्नच कळला नाही. “मी हिची आई.”

शिपायानं गाठोडं तसंच बांधून परत दिलं आणि हातानं जा म्हणून खूण केली.

दादा स्टुडिओच्या दारात थांबला होता. स्टुडिओवाले टक्कल पडलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आपलेपणानं मला आत नेलं, मागं बागेचं चित्र असलेला पडदा सोडला आणि मला तिवईवर बसवलं. काळ्या फडक्याखाली डोकं घालणार तेवढ्यात अव्वा म्हणाली, “थांबा.”

तिनं गाठोडं सोडलं. आतून एक हिरवं इरकल लुगडं काढलं, जुनं, घडीवर विरत आलेलं. स्टुडिओवाल्यांना विचारून ती आतल्या खोलीत गेली आणि ते नेसून आली.

“ही तवा सहा म्हयन्यांची व्हती,” ती म्हणाली. “तिची आई आता हिला कशी वळखंल? हिचं समदंच बदललं. मी न्हाई बदलले. तिनं मला बघितलं व्हतं, हेच लुगडं नेसल्याली. वळखलं तर मला वळखंल.”

स्टुडिओवाले एक खुर्ची घेऊन आले. इतक्या दिवसांत मी अव्वाचा एकही फोटो काढला नव्हता. कॅमेरा दिसला की ती म्हणायची, माझा कशाला, पोरांचा काढ, आणि उठून जायची. आता ती खुर्चीवर सरळ बसली, माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर धरला आणि काचेकडं अशी रोखून बघायला लागली, जशी त्या भिंगातूनच ती बाई येणार होती. स्टुडिओवाले म्हणाले, “थोडं हसा.” अव्वा म्हणाली, “तवा मी हसत नव्हते.”

फोटो शोकेसात लागला. तोही कोपऱ्यात नाही, अव्वानं स्वतः उभं राहून मधोमध लावायला जागा करायला लावली. दादा दर खेपेला यायचा तेव्हा आम्ही दोघी दारात उभ्या राहायचो. तो लांबूनच नाही म्हणून मान हलवायचा. पाच-सहा खेपा झाल्यावर आम्ही दारात जायचं सोडलं.

मग रझाकारांचे दिवस आले. सडकेवरून गाड्या भरभरून माणसं जायची, गावात संध्याकाळी दारं लागायची. अक्काचं लग्न झालं होतं, मोठे भाऊ दुकानात होते. आप्पांनी लहान पाच जणांना आणि मला सोलापूरला दादाकडं पाठवायचं ठरवलं. हद्दीपलीकडं घर म्हणावं असं आमचं तेवढंच होतं. दादानं आपल्या सोबत्यांना दुसरीकडं जागा बघून दिली आणि ती खोली आमच्यासाठी रिकामी केली. अव्वा आणि आप्पा नळदुर्गातच राहिले. निघताना अव्वानं प्रत्येकाला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, “धाकटीचे केस रोज बघ. उवा लई लवकर व्हतात.”

सोलापुरात दुपारी दादा गिरणीत असला की मी धाकट्यांना झोपवून स्टुडिओच्या समोर जाऊन उभी राहायचे. समोरच्या बाजूला पिंपळाचा पार होता, तिथं बसलं की शोकेस नीट दिसायचं. कोण थांबतं, कोण बघतं, हे मला बघायचं होतं. पुष्कळ लोक थांबायचे. बहुतेक सगळे काचेत स्वतःचंच रूप बघून टोपी नीट करायचे आणि चालायला लागायचे. बायका फोटोतल्या दागिन्यांकडं बघायच्या. एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे आणि नवरानवरीच्या एका जुन्या फोटोपुढं थांबून जायचे. बारीक अंगाची बाई दिसली की मी पारावरून उठून उभी राहायचे. एक अशी थांबलीसुद्धा. मी रस्ता ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि हसून म्हणाली, “तुजाच हाय की गं. आई का शेजारी? किती धीट बसलीय.” आणि गेली.

मी तिथंच उभी राहिले. अव्वाला बघून चार महिने झाले होते. नळदुर्गाकडून पत्र नाही, माणूस नाही. मी काचेला नाक लावून अव्वाच्या तोंडाकडं बघायला लागले. तिच्या हनुवटीवरचं गोंदण, कपाळावरची आठी, माझ्या हातावर घट्ट बसलेली तिची बोटं. पाराकडं मी परत गेले नाही. आत गेले आणि स्टुडिओवाल्यांना म्हणाले, “काका, तो फोटो मला द्या.”

“कुणी आलं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. मला अव्वा पायजे.”

त्यांनी शोकेस उघडून फोटो काढून दिला. तो मी खोलीतल्या कोनाड्यात ठेवला. धाकट्यांपैकी ज्याला रडू यायचं तो त्यापुढं जाऊन बसायचा.

पोलीस ॲक्शन झाली आणि थोड्याच दिवसांत दादानं आम्हाला घरी आणलं. दुकानाची फळी मोडली होती, बाकी घर तसंच होतं. आप्पा वाळले होते. अव्वा अंगणात बसली होती आणि तिच्यापुढं दोन परकी पोरं जेवत होती. मुलगा सहाएक वर्षांचा, मुलगी त्याहून लहान. आम्हाला बघून मुलगा ताट घेऊन अव्वाच्या मागं सरकला.

दंगलीत त्यांचे अब्बा गेले होते. आई हरवली होती. वेशीबाहेर नालीच्या पुलाखाली आप्पांना ही दोघं सापडली. अव्वानं आम्हा सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला, धाकटीचे केस उलटसुलट करून बघितले आणि मग पहिली गोष्ट मला सांगितली ती ही: “डबा काढ तुजा. ह्यांचा फोटो काढ. आजच. चेहरे बदलायच्या आत.”

रीळ एकच उरलं होतं, तेही जुनं. मी मुलाला विचारलं, “तेरे को हँसना आता?” तो हसला नाही. मी त्याला काचेत वाकून बघायला दिलं. अव्वा चालत डावीकडं गेली आणि काचेत उजवीकडं गेली, तेव्हा तो खुदकन हसला आणि बहिणीला बोलावून दाखवायला लागला. मग दोघांना उन्हात उभं करून मी फोटो काढले, समोरून, बाजूनं, मुलीच्या हातावरच्या जन्मखुणेसकट.

दादानं ते सोलापुरात धुवून आणले. एक शोकेसात गेला, एक आप्पांनी मोटारअड्ड्यावरच्या चहावाल्याकडं लावला, एक मशिदीत मौलवीसाहेबांकडं दिला. मौलवीसाहेबांनी तो गुलबर्ग्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवला. थंडी पडली तेव्हा त्या पोरांचे मामू बैलगाडी घेऊन आले. फोटो त्यांच्या शेरवानीच्या खिशात होता. पोरांची आई त्यांच्याकडंच होती, जिवंत, अंथरुणाला खिळलेली. पोरांना बघितल्याशिवाय अन्न घेत नाही म्हणाले.

अव्वानं दोघांना न्हाऊ घातलं, नवे कपडे घातले, दशम्या बांधून दिल्या. गाडी निघाली तेव्हा ती दारात उभी होती, हाताची घडी घालून. गाडी वळणाशी पोचली. अव्वा एकदम म्हणाली, “पोरीला पहाटंचा खोकला हाय. मामूला सांगितलं का कुणी?”

कुणीच सांगितलं नव्हतं. अव्वा आत गेली, अडुळशाची बाटली घेतली आणि लुगड्याचा ओचा धरून सडकेनं पळत सुटली. आम्ही सगळे दारात येऊन बघत राहिलो. वेशीपुढं गाडी थांबली. अव्वा चाकाला हात टेकून उभी राहिली आणि मामूंना बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होती.